जड डोक्याची रॅकेट

राइट टाउनमधल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात जैन भैयांनी काउंटरवर दोन रॅकेटी ठेवल्या आणि साधा प्रश्न विचारला, "बिटिया, खेलती कैसे हो?"

प्रश्न नर्मदेला होता. उत्तर तिच्या बापाने दिलं. "मारते! दणकावून मारते. भिंत हालली पाहिजे, अशी द्या."

इंदूच्या डोक्यात तिडीक गेली. अहो, त्या माणसाने पोरीला विचारलं ना? खेळणार ती, हात तिचा, आणि बोलणार कोण, तर पुंडलिकराव भोयर, ज्यांनी जन्मात कधी स्क्वॉशची रॅकेट धरली नाही! पण चारचौघांत नवऱ्याचं तोंड कसं धरणार? शिवाय आवाज चढवणं इंदूला कधी जमलंच नाही. तिचा राग आतल्या आत शिजायचा आणि बाहेर यायचा तो अगदी हळू, दोन शब्दांत. ती पोरीकडे पाहत राहिली. नर्मदा हे आजीचं नाव. घरात सगळे नमूच म्हणत.

जैन भैया समजूतदार माणूस. त्यांनी काळी रॅकेट एका बोटावर आडवी तोलून दाखवली. तिचं डोकं खाली झुकलं. "इसका वजन ऊपर है, शॉट में दम आएगा." मग पिवळी तोलली. ती मुठीकडे कलली. "ये घूमती जल्दी है. कलाई वालों के लिए. जो बॉल को रखते हैं, ठोकते नहीं." नमूने पिवळी उचलली, मनगट दोनदा फिरवलं आणि तिचा चेहरा असा खुलला की इंदूला वाटलं, झालं, हीच घ्यायची. मग तिने काळी घेतली, तसा तिचा खांदा आपोआप वर चढला. आंधळ्यालाही दिसलं असतं!

"बोल, कोणती पाहिजे?" पुंडलिकने विचारलं. पण विचारता विचारता काळी रॅकेट त्याने स्वतःच्या हातात घेतलीसुद्धा होती. फॅक्टरीत लेथवर काम करणारा टर्नर माणूस तो. वजन नेमकं कुठे बसलंय ते बोटांनी चाचपत होता आणि लहान पोरासारखा खूश होत होता.

नमूने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. "काळीच घेऊ, पप्पा," ती म्हणाली. चांगली खणखणीत म्हणाली.

परतताना स्कूटरवर तिघं होती. मागे बसून इंदू पुटपुटली, "तिला पिवळी पाहिजे होती." पुढून उत्तर आलं, "अच्छा, अच्छा." हे त्याचं अच्छा! काही सांगा, अच्छा. घर पेटलं म्हणून सांगितलं तरी म्हणेल, अच्छा.

आता फॅक्टरीतल्या टर्नरच्या पोरीला हा साहेबलोकांचा खेळ कुठून लागला, असं घमापुरातल्या त्यांच्या वस्तीतल्या बायका इंदूला विचारायच्याच. लागला तो कँटोन्मेंटच्या उन्हाळी शिबिरात. इतर पोरी पोहायला पळाल्या, ही स्क्वॉशच्या कोर्टात शिरली ती बाहेरच येईना. चार भिंतींची खोली. दोघींनी एकच चेंडू आळीपाळीने समोरच्या भिंतीवर मारायचा. त्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते. चेंडू तिला लागला की धडाम्‌ आवाज होतो आणि पॉइंट जातो. पहिल्या वर्षी पुंडलिकने त्या धडामवर उठून टाळ्या वाजवल्या होत्या. वरच्या गॅलरीतले मेजर-कर्नल मागे वळून पाहायला लागले. त्या दिवशी घरात हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली, खुद्द त्याचंही.

पण हौस म्हणाल तर त्याचीच. पहाटे पोरीला स्कूटरवर घेऊन जाणं, शिफ्टच्या आधी गॅलरीत बसणं, रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळून देणं, सगळं तोच करायचा. फक्त एकच वेड: फटका वाजला पाहिजे. वाजला की मांडीवर थाप मारून म्हणायचा, "असा!"

आणि नमूचा खेळ तर मुळीच तसा नाही. कोर्टावर शिकवणारे सूबेदारजी पहिल्यापासून सांगत, "इसका हाथ नरम है. इसको हथौड़ा मत पकड़ाओ." चेंडू भिंतीला घासून मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा, समोरची तिथे धावली की पुढच्या कोपऱ्यात अलगद टाकायचा. तो तिथे असा विझायचा की पुन्हा उसळायचं नाव नाही. क्लबची एक जुनी हलकी रॅकेट होती, निळ्या मुठीची. तिच्यावरच ती हे सगळं शिकली. समोरची पोरगी धावून धावून रडकुंडीला यायची. इंदूला खेळातलं फार कळत नव्हतं, पण पोरीचा तो हात पाहिला की तिला स्वतःच्या आईचा रांगोळी घालणारा हात आठवायचा.

नवी रॅकेट आल्यावर हे सगळं गेलं. आता धाडधाड. श्रावण सरता सरता इंदूच्या लक्षात आलं की पोरगी डाव्या हाताने जेवून राहिली आहे. वेणी घालताना उजवा हात वर जात नाही. कणकेला हात लावत नाही. एक दिवस इंदूने दार लावून घेतलं आणि तिची बाही वर केली. कोपर सुजून टम्म झालेलं.

"कधीपासून आहे हे?"

"होईल बरं, आई. पप्पांना नको सांगू. शपथ आहे तुला."

घमापुरातल्या डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिलं तेव्हा नमूने ओठ चावून रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले, या वजनाने असंच ठोकत राहिली तर खेळ सोडाच, पाण्याचा ग्लास उचलणं मुश्किल होईल. हलकी रॅकेट घ्या, हळू खेळा. नाहीतर हात गेला समजा.

शपथ गेली खड्ड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिक चहा पीत होता, बाहेर नळावर बायकांचा कालवा चालला होता, तेव्हा इंदूने त्याला सगळं सांगितलं. कोपर, डॉक्टर, रॅकेट, सगळं. हळूच सांगितलं, आत नमूला ऐकू जाऊ नये म्हणून. तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "अच्छा, ठीक आहे," बशी खाली ठेवली आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. संध्याकाळी पाहते तर बापलेक अंगणात उभे, आणि बाप पोरीला सांगून राहिलाय, "अजून जोर पाहिजे बेटा, अजून!"

इंदूने त्या दिवशी रागाने भाकऱ्या करपवल्या. असा कसा हा माणूस? पोरीचा हात मोडला तरी चालेल, पण भिंत वाजली पाहिजे? वीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो इतका दगड निघावा? तिला त्याच्याकडे पाहवेना.

राज्याच्या संघाची निवड दसऱ्याच्या सुमारास होती. दसऱ्याला मिलिटरीवाल्यांचे आपले कार्यक्रम, म्हणून ती आदल्या दिवशी ठेवली. आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. हे कळलं तेव्हा इंदूच्या मनात एक विचार आला आणि तिची तिलाच भीती वाटली.

भोयरांच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत. पाटावर लाल कापड. त्यावर पुंडलिकचे मायक्रोमीटर, पाने, छिन्नी, इंदूची विळी आणि कात्री, स्कूटरची किल्ली. कुंकू, झेंडू, ऊदबत्ती. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी भाजी हाताने मोडतात आणि कुठे जायचं तर पायी किंवा टेम्पोने. पुंडलिक एरवी देवाधर्माचा फारसा नाही, पण ही रीत म्हणजे रीत. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी साहेबाच्या आग्रहाने तो नवमीला ओव्हरटाइमला गेला होता आणि करंगळीचा शेंडा मशीनला देऊन आला. तेव्हापासून नवमीला तो साधा स्क्रू फिरवत नाही.

त्या सकाळी तो न्हाणीत असताना इंदूने काळी रॅकेट काढली आणि पाटावर मधोमध ठेवली. तारांवर कुंकवाची पाच बोटं ओढली. मुठीला झेंडूची माळ बांधली. देवाला असं मध्ये घालायचं म्हणजे पापच ते, पण पोरीच्या हातापुढे कसलं पाप आणि कसलं पुण्य!

पुंडलिक ओल्या अंगाने आला, डोळे मिटून हात जोडले, आरती केली, आणि मग त्याला दिसलं. "अवं, ही काहून ठेवली? आज खेळ आहे तिचा!"

इंदूने त्याच्या डोळ्याला डोळा दिला. "तिचं हत्यार नाही का ते? तुमची ठेवायची आणि पोरीचं नाही?"

तो पाटाकडे पाहत राहिला, मग आपल्या करंगळीकडे. तोंड पडलं बिचाऱ्याचं. "मग खेळणार कशाने?" "सूबेदारजींकडे क्लबची जुनी आहे ना," इंदू म्हणाली. दारात उभी नमू आईकडे बघत होती. तिला कळलं असावं.

दुपारी टेम्पोने तिघं कोर्टावर गेली. बरोबर शेजारचे रामरावही होते. फॅक्टरीत पुंडलिकच्याच खात्याचे सुपरवायझर, पोरीचं कौतुक म्हणून आलेले. गॅलरीत लाकडी बाकं, मिलिटरीतली मंडळी, थर्मासमधला चहा. नमूच्या समोर एका मेजरसाहेबांची मुलगी होती, उंच, तगडी. पाचापैकी तीन गेम जिंकेल तिची निवड.

निळ्या मुठीची जुनी रॅकेट घेऊन नमू उभी राहिली आणि पहिल्याच चेंडूला इंदूने श्वास सोडला. आली! तिची पोरगी परत आली. चेंडू भिंतीला चिकटून मागे जाई, ती उंच पोरगी मागे पळे. चेंडू पुढच्या कोपऱ्यात टपकन बसे, ती पुढे धापा टाकत येई. गॅलरीतून "वाह, बेटा!" असे उद्गार निघायला लागले. पहिला गेम नमूने हसत हसत घेतला.

पुंडलिक मात्र बाकावर चुळबुळत होता. "काय करून राहिली ही? मारून काहून नाही राहिली?" लोक टाळ्या वाजवत तेव्हा तो डावी-उजवीकडे पाही आणि मग, सगळ्यांची टाळी संपता संपता, आपली दोन हातांची टाळी जोडून देई. इंदूने ते पाहिलं. विचित्र वाटलं, पण तिने मनावर घेतलं नाही.

गेम संपल्यावर नमूने घाम पुसत वर पाहिलं. आईकडे नाही, बापाकडे. बापाच्या तोंडावर काळजी दाटलेली होती. पोरगी तशीच पाहत राहिली, आणि इंदूला बसल्या जागी कळलं की आता काहीतरी बिघडणार.

दुसऱ्या गेमला नमूने ठोकायला सुरुवात केली. त्या जुन्या हलक्या रॅकेटमध्ये जोर नव्हता, म्हणून सगळा जोर खांद्यातून, कोपरातून. धाड! धाड! प्रत्येक फटक्याला तिचा ओठ दातांखाली जाई. "आता! आता खेळून राहिली माझी पोरगी!" पुंडलिक फुलून आला. दुसरा गेम गेला. तिसऱ्यात तिने जीव खाऊन एक फटका मारला आणि चेंडू खाली पत्र्यावर आदळला. धडाम्‌!

पुंडलिकने टाळ्या वाजवल्या. एकट्याने, जोरजोरात.

कोणी हसलं. रामरावांनी मान खाली घातली. इंदू चक्रावली. पहिल्या वर्षी ठीक होतं, तेव्हा खेळ कळत नव्हता. आता? इतकी वर्षं गॅलरीत बसून? तिने मान न वळवता, रोजच्या आवाजात म्हटलं, "अहो, पॉइंट गेला तिचा." त्याने पाहिलंही नाही. "अहो." काही नाही. तो आनंदाने समोर बघत होता.

तिसराही गेम गेला. नमू कोपर धरून खाली बसली. सूबेदारजींनी स्प्रे मारायला थोडा वेळ मागून घेतला. इंदू जिना उतरून कोर्टाच्या दारात गेली.

"काहून ठोकून राहिली गं? जिंकून राहिली होतीस ना तू!"

नमूच्या डोळ्यांत पाणी होतं. "पप्पांना ऐकू नाही येत ना, आई. मोठा धाड आवाज तेवढा कळते, तो भिंतीचा का पत्र्याचा तेही नाही. हळू खेळले की त्यांना वाटते मी हरून राहिली. किती टेन्शन घेतात ते."

"तुला कधीपासून माहीत?"

"लहान होते तेव्हापासून. मशीनवर गेले त्यांचे कान. फॅक्टरीत कळलं तर मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवतील, म्हणून कोणाला सांगत नाहीत." ती थांबली. "तू हळू बोलते ना आई, तेव्हा ते नुसतं अच्छा म्हणतात. मला वाटलं तुला माहीत आहे."

इंदूला एकेक आठवत गेले. सारे ते अच्छा! चहाच्या वेळचे, स्कूटरवरचे, अंथरुणातले. ज्या माणसाला ती दगड म्हणत आली होती, तो प्रत्येक वेळी ती काय बोलली असेल याचा अंदाज घेत मान हलवत होता. आणि ती! बायको म्हणवते, आणि वीस वर्षांत हे कळू नये? कोपराचं त्याला कधी समजलंच नव्हतं.

ती जिना चढून वर आली, त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा ओरडली. "तिचं कोपर मोडलंय! त्या जड रॅकेटने! डॉक्टर म्हणाले, हात जाईल! आणि ती ठोकून राहिली ते तुम्हाला ऐकू यावं म्हणून! तुमच्या कानांसाठी तिचा हात चाललाय!"

रामराव तिथेच होते. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. शब्द तोंडातून गेल्यावर इंदूच्या ध्यानात आलं की आपण नवऱ्याची झाकली मूठ त्याच्या सुपरवायझरसमोर उघडी केली. आता ती पुन्हा झाकता येत नव्हती.

पुंडलिकचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने रामरावांकडे पाहिलं, इंदूकडे पाहिलं. एकदा वाटलं, उठून बाहेर निघून जाईल. तो उठला, पण बाहेर गेला नाही. जिन्यावरून कोर्टाच्या दारापाशी गेला, पोरीसमोर उकिडवा बसला आणि तिची बाही वर केली. बराच वेळ ते कोपर पाहत राहिला. मग म्हणाला, आणि ऐकू न येणाऱ्याला आवाजाचा अंदाज नसतो म्हणून वरपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं, "तू हळूच खेळ, बेटा. मी पाहून राहिलो ना. मला दिसते."

नमूने मान हलवली.

निवड काही झाली नाही, हे सांगून टाकलेलं बरं. चौथ्या गेममध्ये नमू जुन्या हाताने खेळली, पण कोपरात काही उरलं नव्हतं. त्या मेजरच्या मुलीने गेम घेतला आणि मॅचही. पुढे कित्येक महिने नमूने रॅकेट धरली नाही. पुंडलिकला दिवाळीनंतर कानांच्या तपासणीला बोलावणं आलं आणि त्याचं मशीन दुसऱ्याला मिळालं. रामरावांनी सांगितलं की नाही, हे इंदूने कधी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

पण त्या चौथ्या गेममधली एक गोष्ट तिच्या मनातून जात नाही. पुंडलिक परत तिच्या शेजारी येऊन बसला होता. तिच्याकडे पाहिलं नाही. बाकाच्या काठावर पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे फाडून खाली पाहत होता. उंच पोरगी मागच्या कोपऱ्यात होती. नमूने रॅकेट वर उचलली, जणू आता ठोकणार, आणि शेवटच्या क्षणी मनगट सैल सोडलं. चेंडू समोरच्या भिंतीला जेमतेम शिवला, पत्र्याच्या वरून घसरला आणि कोपऱ्यात पडून राहिला. काही आवाज झाला नाही. गॅलरीत कोणाला कळायच्या आधी एकच टाळी वाजली, आणि सगळे वळून पुंडलिकरावांकडे पाहायला लागले.